एका दिवसात दोनशे टोर्नेडो : इशारा आधी मिळूनही अलाबामात एवढी माणसं का गेली?

दरवर्षी चैत्र-वैशाखात वळवाचे ढग भरून आले की गावाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. आकाशातून हत्तीच्या सोंडेसारखा काळा खांब खाली आलेला, घरं भुईसपाट होतायत, पत्रे कागदासारखे उडतायत. खाली लिहिलेलं असतं, "आपल्या जिल्ह्यात टोर्नेडो, सर्वांना पाठवा." मग मला फोन सुरू होतात, "भाऊ, खरं आहे का हे?" बहुतेक वेळा तो व्हिडिओ अमेरिकेतला निघतो.

पण व्हिडिओ आपल्याकडचा नाही, एवढं सांगून विषय संपत नाही. तिकडे हे वादळ नेमकं कसं तयार होतं, तिथली यंत्रणा एवढी पुढारलेली असूनही माणसं का मरतात, आणि त्यातून आपण काय घ्यायचं, हे समजून घेण्यासारखं आहे. त्यासाठी २७ एप्रिल २०११ या एका दिवसाची माहिती इथे देतोय.

टोर्नेडो, वावटळ आणि चक्रीवादळ : तिन्ही वेगळे

आपल्याकडे बातमीत सुद्धा या तीन शब्दांची सरमिसळ होते. आधी ते वेगळं करू.

वावटळ आपण उन्हाळ्यात रोज पाहतो. नांगरलेलं रान दुपारी तापतं, तिथली हवा गरगरत वर उठते आणि धूळ-पाचोळा घेऊन जाते. वर आभाळ स्वच्छ असतं. वावटळ जमिनीतून वर जाते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत विरते.

चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं. त्याचा घेर शेकडो किलोमीटरचा आणि आयुष्य अनेक दिवसांचं. २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते ही चक्रीवादळं.

टोर्नेडो म्हणजे मोठ्या गडगडाटी ढगाच्या पोटातून थेट जमिनीपर्यंत पोहोचलेला हवेचा फिरता खांब. त्याची रुंदी कधी एखाद्या वावराएवढी, तर क्वचित दोन किलोमीटरच्याही पुढे. बहुतेक टोर्नेडो काही मिनिटांत संपतात, पण मोठा असेल तर तास-दोन तासही जमिनीवर चालतो. त्यातला वारा ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. एवढा वारा समुद्रावरच्या अतितीव्र चक्रीवादळातही क्वचितच मिळतो.

एकाच हवामानाच्या घडामोडीतून असे अनेक टोर्नेडो पाठोपाठ तयार झाले तर त्याला टोर्नेडोंचा उद्रेक म्हणतात.

२५ ते २८ एप्रिल २०११

या चार दिवसांत अमेरिकेच्या दक्षिण आणि पूर्व भागात मिळून साडेतीनशेहून जास्त टोर्नेडो झाले. त्यातले सुमारे दोनशे एकट्या २७ एप्रिलचे. टोर्नेडोंमुळे ३०० हून जास्त माणसं गेली. सगळ्यात मोठा फटका अलाबामा राज्याला बसला. तिथे त्या एका दिवसात साठहून जास्त टोर्नेडो झाले आणि मृतांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला.

टोर्नेडोची ताकद तिकडे ० ते ५ अशा सहा पायऱ्यांत मोजतात. पाचवी पायरी म्हणजे ताशी ३२० किलोमीटरच्या वर वारा. अशी पाचव्या पायरीची वादळं कित्येक वर्षांत एकही होत नाहीत. त्या दिवशी चार झाली, मिसिसिपी राज्यात दोन आणि अलाबामात दोन.

त्यातलं सगळ्यात भयंकर हॅकलबर्ग आणि फिल कॅम्पबेल या दोन छोट्या गावांवरून गेलं. ही आपल्या मोठ्या खेड्यांएवढी गावं. हॅकलबर्गमध्ये रँग्लर जीन्सचा मोठा कारखाना होता, गावातल्या अनेकांची रोजीरोटी त्यावर. तो उद्ध्वस्त झाला. हे एकच वादळ दोनशे किलोमीटरच्या आसपास जमिनीवर चालत राहिलं आणि त्यात ७२ माणसं गेली.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास दुसरं मोठं वादळ टस्कलूसा या विद्यापीठाच्या शहरातून गेलं आणि पुढे बर्मिंगहॅम शहराच्या उत्तरेकडच्या वस्त्यांत घुसलं. त्याची नोंद चौथ्या पायरीची, मृत्यू ६४. ते शहरात येताना टीव्हीवर थेट दिसत होतं.

त्या दिवसांत लोकांच्या घरातले फोटो, कागदपत्रं, दाखले हवेत उडाले आणि लांब दुसऱ्या राज्यांत जाऊन पडले. सापडलेल्या वस्तू मालकाला परत मिळाव्यात म्हणून एका महिलेने फेसबुकवर पान सुरू केलं. पुढे संशोधकांनी त्या वस्तूंचा माग काढला, तेव्हा काही फोटो साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास उडून गेल्याचं कळलं.

हवेत काय शिजत होतं?

मोठा टोर्नेडो व्हायला काही गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी जुळाव्या लागतात. त्या दिवशी त्या सगळ्या जुळल्या.

पहिली गोष्ट ओल. अमेरिकेच्या दक्षिणेला मेक्सिकोचं आखात आहे, तिथलं पाणी कोमट. त्या आखातावरून दमट, उबदार वारा थेट अलाबामावर येत होता. आपल्याकडे वळवाच्या आधी अंगाला चिकट घाम येतो, जीव घाबरा होतो, तशी हवा.

दुसरी गोष्ट वरची थंड हवा. खाली उबदार दमट आणि वर थंड असं झालं की खालची हवा फुग्यासारखी वर पळते. तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं तेव्हा आणखी उष्णता सुटते आणि ती अजून जोरात वर जाते. अशी हवा पंधरा किलोमीटरपर्यंत उंच ढग उभा करते.

कधीकधी या दोघांच्या मध्ये कोरड्या गरम हवेचा एक थर येतो. दुधावरच्या सायीसारखा. साय दुधाला काही वेळ दाबून धरते आणि मग दूध एकदम उतू जातं. तसंच हा थर छोटे ढग वाढू देत नाही, खाली ताकद साठत जाते आणि दुपारी उशिरा एकदम फुटते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, वाऱ्यातला फरक. त्या दिवशी जमिनीजवळ वारा आग्नेयेकडून-दक्षिणेकडून होता. दीड किलोमीटर उंचीवर तो ताशी १०० किलोमीटरच्या आसपास, आणि पाच-साडेपाच किलोमीटर उंचीवर नैऋत्येकडून ताशी दीडशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त. म्हणजे वर जावं तसा वारा वाढतही होता आणि वळतही होता.

याने काय होतं? दोन तळहातांमध्ये लाटणं आडवं धरा आणि वरचा हात जोरात पुढे सारा. लाटणं गोल फिरतं. हवेचंही तसंच, वरचा थर पळतो, खालचा मागे राहतो, मधली हवा आडवी फिरायला लागते. आता ढगाखालून जोरात वर जाणारी हवा या आडव्या फिरणाऱ्या लाटण्याला मधून उचलते. लाटणं उभं होतं आणि सगळा ढगच गोल फिरायला लागतो. अशा फिरत्या महाढगाला हवामानशास्त्रात सुपरसेल म्हणतात. मोठे टोर्नेडो बहुतेक याच ढगातून उतरतात. फिरणारा खांब जसा बारीक होतो तसा त्याचा वेग वाढतो, भोवऱ्यावर फिरणारं पोर हात पोटाशी घेतलं की जोरात फिरतं तसा.

चौथी गोष्ट, हे सगळं हलवणारा कमी दाबाचा पट्टा. तो पश्चिमेकडून सरकत आला आणि त्याच्या पुढच्या बाजूला एकटे-एकटे सुपरसेल उभे राहिले. ते ओळीत एकमेकांना चिकटले असते तर एकमेकांची हवा खाल्ली असती. सुटे राहिल्यामुळे प्रत्येकाला भरपूर ओल मिळाली, आणि म्हणूनच एक-दोन नाही तर सुमारे दोनशे टोर्नेडो झाले.

आपल्या वळवाच्या ढगाशी फरक इथेच आहे. आपला ढग बहुधा सरळ उभा असतो. त्याचा पाऊस त्याच्याच बुडाशी पडतो, वर येणारी हवा थंड होते आणि अर्ध्या-पाऊण तासात ढग दमतो. सुपरसेल वाऱ्यातल्या फरकामुळे तिरका झुकलेला असतो. पाऊस एका बाजूला पडतो, ओल दुसऱ्या बाजूने आत येत राहते, म्हणून तो तासन्‌तास जगतो.

अंदाज बरोबर होता, मग चुकलं कुठे?

हा या सगळ्यातला मुख्य मुद्दा आहे. हवामान खात्याला कळलं नाही म्हणून माणसं गेली, असं इथे झालेलं नाही.

तिकडे ओक्लाहोमा राज्यात नॉर्मन या गावी गडगडाटी वादळांचा अंदाज देणारं राष्ट्रीय केंद्र आहे. त्यांनी या भागात मोठा धोका आहे असं काही दिवस आधीपासून सांगायला सुरुवात केली होती. २७ तारखेला सर्वात वरच्या पातळीचा इशारा होता. वादळ घरापाशी यायच्या आधी मिळालेला इशाराही सरासरी वीस मिनिटांच्या वर होता. वीस मिनिटांत माणूस घरातल्या घरात सुरक्षित जागी सहज जाऊ शकतो.

तरी तीनशेहून जास्त गेले. त्याची कारणं आपल्याला ओळखीची वाटतील.

एक, सकाळीच लाईट गेली. २७ तारखेला पहाटे वादळांची एक रांग अलाबामावरून गेली होती. तिने खांब पाडले, तारा तोडल्या, इशारा सांगणारी काही रेडिओ केंद्रं बंद पाडली. म्हणजे दुपारी खरं संकट येणार होतं तेव्हा अनेक घरांत टीव्ही बंद, रेडिओ बंद, फोनची बॅटरी उतरलेली.

दोन, सकाळचं वादळ गेल्यावर ऊन पडलं. आपल्याला वाटतं आता गेलं, सुटलो. पण त्या उन्हानेच दुपारच्या वादळाला ताकद दिली. शिवाय सकाळच्या पावसाने गार झालेली आणि नुकतीच तापलेली हवा जिथे भेटत होती, तिथे वाऱ्यातला फरक अजून वाढला.

तीन, भोंग्याची सवय. तिकडे गावोगावी धोक्याचा भोंगा असतो. तो बऱ्याच ठिकाणी सगळ्या तालुक्याला एकदम वाजायचा, वादळ एका कोपऱ्यातून जाणार असलं तरी. आणि त्या काळात टोर्नेडोच्या चार इशाऱ्यांपैकी तीन वेळा टोर्नेडो होतच नसे. लोकांचं कान देणं कमी झालं. शिवाय भोंगा हा घराबाहेरच्या माणसासाठी असतो, दारं-खिडक्या लावून आत बसलेल्याला तो ऐकू येईलच असं नाही.

चार, जागा. अलाबामात बऱ्याच घरांना तळघर नाही. गरीब लोक कारखान्यात तयार होऊन ट्रकवर आणलेल्या हलक्या घरांत राहतात. ही घरं पायाला घट्ट बांधलेली नसतात, साध्या टोर्नेडोतही उलटतात. त्या दिवसांतल्या मृतांपैकी सुमारे चौथा हिस्सा असा घरांमधला होता. वयस्कर माणसांचं प्रमाणही मोठं होतं. त्यांना इशारा मिळाला तरी उठून पळायचं कुठे आणि न्यायचं कुणी, हा प्रश्न.

पाच, खात्री करत बसणं. इशारा ऐकला की माणूस आधी बाहेर येऊन आभाळ बघतो, शेजाऱ्याला विचारतो, फोन लावतो. तिथली वादळं मात्र ताशी ९०-१०० किलोमीटरने पुढे सरकत होती. आणि पावसाच्या आड टोर्नेडो दिसतोच असं नाही.

नंतर काय बदललं?

पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, अमेरिकेत मोबाईलवर आपोआप मोठ्या आवाजात येणारा इशारा सुरू झाला. ज्या टॉवरच्या टापूत धोका, तिथल्याच फोनवर तो वाजतो. अलाबामात गावोगावी काँक्रीटच्या सामुदायिक सुरक्षित खोल्या बांधल्या गेल्या. आणखी एक साधी गोष्ट पुढे आली, हेल्मेट. टोर्नेडोत बरीच माणसं डोक्याला मार लागून जातात. म्हणून इशारा आला की घरातल्यांनी, खास करून पोरांनी, खेळाचं किंवा गाडीचं हेल्मेट घालून आतल्या खोलीत बसावं, असं तिथले डॉक्टर आणि टीव्हीवरचे हवामानतज्ज्ञ सांगू लागले.

आपल्याकडे टोर्नेडो होतो का?

भारतीय उपखंडात होतो. बंगाल, ओडिशा, बांगलादेश या पट्ट्यात बंगालच्या उपसागराची ओल आणि वरचे पश्चिमी वारे मार्च ते मे मध्ये एकत्र येतात. तिथल्या वादळांना काळबैसाखी म्हणतात. जगातला सर्वात जास्त बळी घेणारा टोर्नेडो अमेरिकेतला मानला जात नाही. तो २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशात मानिकगंज भागात झाला, आणि त्यात सुमारे १३०० माणसं गेल्याची नोंद आहे.

महाराष्ट्रात एप्रिल-मे मध्ये उष्णता भरपूर, ओलही असते. पण वरचे जोरदार वारे तोपर्यंत उत्तरेकडे सरकलेले असतात. म्हणून अमेरिकेसारखा उद्रेक आपल्याकडे होत नाही. आपल्याकडे होते ती गारपीट, वीज आणि ढगातून एकदम खाली आदळणारा सोसाट्याचा वारा.

हा आदळणारा वाराही पत्रे उडवतो, झाडं पाडतो. मग बातमी होते "टोर्नेडोचा तडाखा". ओळखायचं कसं? पडलेल्या झाडांकडे बघा. सगळी एकाच दिशेला किंवा एका जागेपासून बाहेरच्या बाजूला पसरून पडली असतील तर तो सरळ आदळलेला वारा. वेडीवाकडी, एकमेकांत गुंतून, गोल पिळल्यासारखी पडली असतील तर फिरतं वादळ. ही पद्धत जपानमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी अमेरिकेत विमानातून नुकसानीची पाहणी करून पुढे आणली. टोर्नेडोच्या पायऱ्यांचं मोजमापही १९७१ मध्ये त्यांनीच दिलं.

इशारा आला, पण फोन कुठे होता?

अलाबामाची माहिती वाचताना मला माझाच एक दिवस आठवला. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमची हळद शिजवून वाळत घातलेली होती. सकाळी हलका शिडकावा झाला, लाईट गेली. नंतर कडक ऊन. म्हटलं, गेलं आभाळ. दुपारी मोबाईलवर वादळी वाऱ्याचा इशारा आला होता. फोन मात्र घरी चार्जिंगला लावलेला, आणि लाईट नसल्याने बंद पडलेला. मी रानात. चारला वारा सुटला, ताडपत्री हातातून गेली, गोठ्यावरचे पाच पत्रे शेजाऱ्याच्या बांधावर. एक पत्रा म्हातारी जिथे दहा मिनिटांपूर्वी बसली होती तिथे पडला. इशारा वेळेत आला होता. मला तो रात्री आठला दिसला.

वादळ लहान असो की मोठं, घोटाळा तोच. म्हणून चार गोष्टी आजच ठरवून ठेवा.

१. ज्या दिवशी हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी सकाळीच फोन पूर्ण चार्ज करा आणि रानात जाताना सोबत न्या. घरातला एक साधा बटणाचा फोनही भरून ठेवा.

२. विजेसाठी पुण्याच्या संस्थेचं दामिनी, हवामानासाठी मौसम आणि आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी सचेत ही ॲप आहेत. लोकेशन चालू ठेवलं तरच ती आपल्या शिवाराचं सांगतात. २०२३ मध्ये सगळ्यांच्या फोनवर एकदम मोठ्याने वाजलेला सरकारी चाचणीचा मेसेज आठवत असेल. तसा खरा इशारा आला तर तो आपल्यासाठीच आहे असं समजा.

३. घरातली सगळ्यात पक्की जागा कोणती, हे आधीच ठरवा. खिडकीपासून लांब, स्लॅबखाली, मधली खोली. पत्र्याचं घर असेल तर जवळचं पक्कं घर, शाळा किंवा समाजमंदिर कोणतं आणि चावी कुणाकडे, हे विचारून ठेवा. म्हाताऱ्या माणसांना कोण नेणार, तेही ठरवा.

४. पत्र्यांवर नुसते दगड ठेवू नका. वाऱ्यात पत्र्याबरोबर दगडही खाली येतो. पत्रे नट-बोल्टने किंवा तारेने घट्ट बांधा. वारा सुटल्यावर पत्रे धरायला, ताडपत्री ओढायला किंवा झाडाखाली थांबायला जाऊ नका.

आणि सकाळी पाऊस होऊन ऊन पडलं, हवा पुन्हा चिकट झाली, तर आभाळ गेलं असं समजू नका. संध्याकाळपर्यंत फोन जवळ ठेवा.